एकमत आणि एकेकाचे मत

तज्ज्ञांची समिती नेमली की निर्णय शहाणपणाचा होणारच, असे आपण गृहीत धरतो. वाङ्मयाच्या अध्यापकांना अभ्यासमंडळांतून याचा वेगळाच प्रत्यय येतो. ज्येष्ठ सदस्य प्रथम बोलतात, इतर त्यांच्या सुरात सूर मिसळतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द उमटतो. कोणाला मनातून काय वाटत होते, हे त्या शब्दाखाली गाडले जाते. पाठ्यपुस्तकाच्या निवडीपुरते हे सोसता येते. पण जेथे एका किनाऱ्याचे भवितव्य ठरते, तेथे काय?

आमच्यासमोर डहाणूचे उदाहरण आहे. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि त्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखला. शेजारच्या तलासरीचा मुलूख या पट्ट्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले; निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. सदस्य जलविज्ञान, सागरविज्ञान, परिसंस्थाशास्त्र, पर्यावरण अभियांत्रिकी आणि नियोजन यांतले असावेत, असे न्यायालयाने म्हटले होते. त्या यादीत माहिती तंत्रज्ञानही होते, ही बाब आज विशेष लक्षणीय वाटते.

या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला नकार दिला. १९९९ साली औष्णिक वीजकेंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. ती प्रत्यक्षात आली २००७ साली. म्हणजे विलंब विचारात नव्हता, अंमलबजावणीत होता. समित्यांच्या संथपणाला बोल लावणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य मांडून पाहावा. पुढे ३१ जुलै २०२३ रोजी याच प्राधिकरणाने वाढवण येथील नव्या बंदर-प्रकल्पाला अटींसह परवानगी दिली. आराखडा बदलला होता, सदस्य बदलले होते, काळही बदलला होता. नकार आणि होकार यांच्यामधला हा प्रवास कोणत्या युक्तिवादांनी झाला, हे सामान्य वाचकाला पायरीपायरीने समजायला हवे.

येथे आधुनिक साधने उपयोगी पडू शकतात. पडद्यावर बैठक घेतल्याने प्रवास वाचतो, परंतु तेथेही ज्येष्ठच प्रथम बोलतात. त्याहून मोलाची पद्धत अमेरिकेतील रँड संस्थेच्या नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास घडवली. तिचे नाव डेल्फी. प्रत्येक तज्ज्ञ इतरांचे मत कळण्यापूर्वी आपले मत कारणांसह लिहून देतो. नावे झाकून सर्व मतांचा गोषवारा सर्वांकडे जातो. मग ज्याला पटेल तो आपले मत सुधारतो. त्या काळी टपालाने होणारी ही फेरी आज संगणकाच्या जाळ्यावर एका दिवसात होऊ शकते. जेथे मते जुळतात तेथे चर्चा नको, जेथे भिडतात तेथेच वेळ द्यावा. वेग येतो तो अशा काटकसरीतून, घाईतून नव्हे.

मात्र नाव झाकण्याची सवलत विचाराच्या काळापुरतीच असावी. आदेश निघताना प्रत्येकाचे मत, भिन्नमतासह, सहीनिशी आणि मराठीतून लोकांसमोर यावे. कारण त्या निर्णयाखाली वाढवणच्या मच्छीमाराची जाळी आहेत, बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आहेत, वारल्यांची भातखाचरे आहेत. खडकाळ किनाऱ्यावर मासळी कोठे वाढते हे पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेला मच्छीमार न्यायालयाच्या त्या तज्ज्ञयादीत नव्हता. सुनावणीत त्याला आपले म्हणणे मांडता येते, पण निकालाच्या लेखणीपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. समितीचे शहाणपण वाढवायचे तर प्रथम ही यादीच पुन्हा वाचावी लागेल, असे आम्हांस वाटते.