हाडोळ्याची ज्वारी

‘वतन’ हा शब्द आमच्या घरात दोन ठिकाणी भेटायचा. एक तलाठ्याच्या दप्तरात, दुसरा आजीच्या बायबलात. लहानपणी मला दोन्ही एकच वाटायचं. म्हणजे स्वर्गातही आपली पावणेदोन एकर कोरडवाहू असणार आणि तिथंही बांधावरून भांडणं.

पणजोबांकडं महारकीचं वतन होतं. मेलेलं जनावर ओढायचं, परगावी मयताचा सांगावा न्यायचा, साहेबाच्या घोड्याला दाणावैरण करायची. बदल्यात हाडोळा, म्हणजे हीच जमीन. बाप्तिस्मा घेतला तरी चाकरी सुटली नाही. रविवारी उपासना आणि सोमवारी चावडी. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायला विधेयक मांडलं, पण ही वतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. मग आजोबांनी रक्कम भरली आणि हाडोळा नव्या शर्तीनं नावावर झाला.

शब्द तेवढा उरला. पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्यासाठी स्वर्गात राखून ठेवलेल्या वारशाला मराठीत ‘वतन’च म्हटलंय. इफिसकरांच्या पत्रात तर पवित्र आत्मा म्हणजे त्या वतनाचा ‘विसार’. बैलबाजारात देतात तो. कॉलेजात असताना मी आजीवर चिडले होते. ज्या शब्दानं सासऱ्याची पाठ वाकली, तोच तुम्ही डोळे मिटून म्हणता कसा?

आजी शेंगा सोलत होती. “वतन काय फुकट असतंय व्हय? चाकरी आलीच. धनी कोन, यवढंच बघायचं.”

तिची चाकरी मला दिसायची ती एकच. शाळूचं खळं झालं की पहिलं पोतं वेशीजवळच्या म्हातारीकडं. म्हातारी ना नात्यातली, ना मंडळीतली. तिच्या देव्हाऱ्यात यल्लम्मा. बहात्तरच्या दुष्काळात दोघी एकाच कामावर खडी फोडायला होत्या, एवढं माहीत होतं. बाकी आजीनं कधी सांगितलं नाही.

आजी गेली. जमीन काकांच्या नावावर झाली. मी आणि आत्यानं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. माझी सही रागातच झाली, खोटं कशाला सांगू. पुढच्या उन्हाळ्यात गावाकडून निरोप आला: म्हातारी विचारतीय, औंदा ज्वारी न्हाई का?

काकांना फोन केला. “सातबाऱ्यावर तसं काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. तेही खरंच होतं. शेत त्यांना आणि पोतं माझ्या माथी, ही कुठली वाटणी! दोन आठवडे मी हेच घोकत होते. प्रार्थनेला बसले तरी मनात हिशेबच.

शेवटी नगरच्या बाजारातून पन्नास किलो मालदांडी घेतली आणि एसटीनं नेली. फाट्यावर पोतं उतरवलं तर समोर काका, मोटरसायकलवर. “सलाम,” मी म्हटलं. “सलाम,” म्हणाले, आणि पुढं काही न बोलता पोतं टाकीवर आडवं घालून निघाले. मी मागून चालत.

म्हातारीनं शिवण उसवली, कोपरापर्यंत हात आत घातला. तळातले चार दाणे काढून दाढेखाली धरले.

“ही हाडोळ्याची न्हाई.”

“कशावरून?”

“गोड न्हाई.”

मग तिनं त्याच पोत्यातली शेरभर ज्वारी मापून फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं तर डोळे वटारले. “तुझी आजी दर साली न्यायची की. तुमच्या देवाला.”

सुगीच्या उपासनेला आजी एक पुरचुंडी पुढं नेऊन ठेवायची. निळ्या काठाच्या फडक्यातली. इतकी वर्षं मी ती आमच्या शेतातली, आमच्याकडून, असं धरून चालले होते. हे फडकंही निळ्या काठाचंच होतं.

काका बाहेर बाभळीखाली थांबले होते. “काय म्हणाली?”

“बाजारची आहे म्हणाली.”

त्यांनी किक मारली. “तिला कळायचंच,” म्हणाले. “बस.”