सोबतीण

सुईण बाळ झेलते, नाळ कापते. प्रसूतीत नुसती सोबत करते ती ‘डूला’. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली केली. अमरावतीस मराठी शिकवता शिकवता पंचेचाळिशीत आम्हांस हे काम खुणावू लागले. मग अकोल्यास भाचीच्या बाळंतपणात रात्रभर तिच्या उशाशी बसलो. प्रत्येक कळेसरशी आम्ही धीराचे बोल ऐकवीत होतो. वीस वर्षांची प्राध्यापकी, दुसरे काय! पहाटे ती म्हणाली, “मावशी, बोलू नको वं. कंबर दाब फक्त.” आम्ही दाबत राहिलो. बाळ रडले तेव्हा आमचे हात भरून आले होते. प्रशिक्षणाचा अर्ज अजून टेबलावर कोराच आहे. मध्यरात्रीच्या हाकेला धावता येईल. गप्प बसता येईल का?