घाट शोधणारी पोरं

आमच्या भाच्याचा मुलगा सुरतेला असतो. नोकरी संगणकाची आणि वेड सायकलचं. परवा त्याचा फोन आला. "आजोबा, तुमच्या बाजूला सायकलला चांगले घाट कुठे आहेत?"

"चांगले म्हणजे?"

"म्हणजे कठीण!"

मला हसू आलं. सत्तरच्या दशकात आम्ही काळ्या, बिनगिअरच्या सायकली हाकल्या त्या चढ चुकवत. खांडबाऱ्याहून कुठल्या पाड्यावर जायचं तर आधी कोणाला तरी विचारायचं, सपाटीची वाट कुठून आहे? चढ आलाच तर खाली उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पण या मुलाचंही खरंच आहे. सुरत पडली तापीच्या मुखाजवळ, सगळी सपाट. तिथे चढ म्हणजे उड्डाणपूल. २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांचा संघ करून अमेरिकेतली रॅम शर्यत पुरी केली, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना घाटांची ओढ जरा जास्तच लागली आहे असं मला वाटतं. नाशिककरांना कसारा घाट हाताशी आहे. सुरतकरांनी कुठे जावं? गाडीत बसून आमच्याकडे यावं!

तर मी वही घेऊन बसलो. (सवय जात नाही.)

खानदेशात डोंगरातल्या खिंडीला बारी म्हणतात. गावाच्या नावात बारी दिसली की चढ आहे असं समजावं. आम्हाला जवळची ती कोंडाईबारी, विसरवाडीहून दहिवेलकडे जाताना लागते. पण तो सुरत-धुळे महामार्ग. मालमोटारींची रांग अहोरात्र चालू असते. चढताना त्यांचा धूर खायचा आणि उतरताना त्यांच्या ब्रेकवर विश्वास ठेवायचा. मी तिथे फुली मारली. नवापूरहून पिंपळनेरला जाताना चरणमाळ घाट लागतो. तो वळणांचा आहे, झाडीही आहे, एका सकाळीत होण्यासारखा आहे. पहिल्या दिवशी पाय मोकळे करायला उत्तम.

खरी परीक्षा तापीपलीकडे, सातपुड्यात. प्रकाशाला तापी ओलांडून शहादा, पुढे म्हसावद, राणीपूर आणि मग तोरणमाळ. शहाद्यापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे तापीकाठापासून मोजलं तर जवळजवळ हजार मीटर वर. मुलगा लगेच म्हणाला, "हजार मीटर भागिले पंचावन्न किलोमीटर, दोन टक्केसुद्धा नाही. सोपा आहे!"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. अरे बाबा, सरासरी नावाची गोष्ट फार फसवी. निम्मा रस्ता तर सपाट शेतांतून जातो. चढ सगळा शेवटी साठवलेला आहे. डोंगरी रस्ता शंभर मीटरला पाच-सहा मीटरपेक्षा जास्त चढू नये असा बांधणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक असतो, आणि म्हणूनच सातपायरी घाटात वळणावर वळण घालावं लागलं. शिवाय वळणाच्या आतल्या कडेला चढ नेहमीच जास्त, सायकलवाल्याने बाहेरून घ्यावं. पण समोरून जीप येत नसेल तरच!

हे सगळं त्याला पटलं. अडलं ते चांदसैलीवर.

तळोद्याहून कोठारमार्गे धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. अरुंद, तीव्र, एका बाजूला दरी. मोबाइलवर उंचीचा आलेख पाहून पोरं हरखून गेली होती. त्यांना ऑगस्टमध्येच यायचं होतं. पावसात डोंगर हिरवा, फोटो छान येतात म्हणे.

मी सरळ नाही म्हटलं. त्याला वाटलं, म्हातारा घाबरतो. मग मी त्याला २०२१ च्या सप्टेंबरातली हकीकत सांगितली. पावसाने त्या घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला. एक माणूस आजारी बायकोला दवाखान्यात न्यायला निघाला होता. वाहन पुढे जाईना, तेव्हा त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. वाटेतच ती गेली. वर्तमानपत्रांत तेव्हा ठळक आलं होतं.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "त्यांना दुसरा रस्ता नव्हता का?"

होता, पण फार लांबून वळसा घालून. जवळचा म्हणावा असा तोच. त्याच घाटातून धडगावकडची माणसं बाजाराला येतात, दवाखान्यात येतात, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, एकेका जीपमध्ये दाटीवाटीने. तुम्ही हौसेने दोन तास घाम गाळणार, हरकत काहीच नाही, पण जीप दिसली की कडेला उभं राहायचं. त्यांना उशीर परवडत नाही.

"आणि पावसात?" त्याने विचारलं, जरा हळूच.

पावसात नाही म्हणजे नाही.

आता डिसेंबर ठरला आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर, म्हणून फार तर फेब्रुवारीपर्यंतचेच दिवस. चौघे येणार आहेत, आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम. हिने आत्ताच विचारलं, सायकलवाली पोरं किती भाकरी खातात? मी सोळा सांगितल्या आहेत. चरणमाळ पक्का, तोरणमाळ पक्का. चांदसैलीचं मात्र त्यांनी तळोद्याला पोचल्यावर तिथल्या जीपवाल्यांना विचारून ठरवायचं. मोबाइलला नाही.