झिलईखालची माती

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या एका नव्या घरी चला. स्वयंपाकघरात हाताने घडवलेले, निळ्या-हिरव्या झिलईचे बेसिन आहे. धानाचे पैसे आले तेव्हा घरच्या वहिनींनी हौसेने घेतले. दोनच वर्षांत झिलईवर केसासारख्या चिरांचे जाळे पसरले, त्यात हळद बसली आणि खालची भिंत ओलसर राहू लागली.

"रंगच कच्चा निघाला, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मला ते पटेना. मग गोंदियाहून बल्लारशाकडची गाडी धरली. सौंदड, वडसा, नागभीड करीत, बांध्या आणि जंगल मागे टाकीत ती चांदा फोर्टला पोचते. तिथून भद्रावती पंचवीसेक किलोमीटर. लोक तिथे जैन मंदिर आणि विजासनची लेणी पाहायला जातात. मी गेलो मातीकामासाठी. १९५५ साली कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तिथे ग्रामोदय संघ उभा केला.

झिलई म्हणजे वितळून मातीवर बसलेली काच. भट्टी निवताना माती आणि काच दोन्ही आकसतात. काच जास्त आकसली की तिला चिरा पडतात. माती ९०० अंशांच्या आसपास भाजलेली असेल तर ती माठासारखी सच्छिद्र राहते, चिरांतून पाणी पिते, फुगते, आणि चिरा वाढतात. १२०० अंशांवर भाजलेली योग्य माती घट्ट होते. आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी. म्हणजे दोष रंगाचा नव्हता, खालच्या मातीचा होता.

तेव्हा पैसे मोजण्याआधी बेसिन उलटे करा. बुडाशी झिलई नसलेली जागा असते, तिथे पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर ते भांडे मोरीच्या कामाचे नाही. बोटाने टिचकी मारा. पक्के भांडे खणखणते. नक्षीवरून बोट फिरवा. रंग उंचवट्यासारखा लागला तर तो झिलईच्या वर आहे, घासून जाईल. लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग उतरतो का तेही पाहता येते, पण दुकानदार एवढे थांबू देईल तर!

पक्क्या भांड्यालाही जपावे लागते. आपल्याकडे रोज भात, आणि उकळता मांड सरळ बेसिनमध्ये. थंडीच्या सकाळी त्यानेच तडा जातो. आधी नळ सोडून ठेवा, मग मांड ओता. राखेने किंवा वाळूने घासू नका.

वहिनींनी ते बेसिन काढून परसात ठेवले आहे. त्यात पुदिना लावला आहे आणि तो झकास वाढतो आहे.