वाघिणीचे दूध आणि दुधनी

इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणतात. त्यात माझ्या गावाचे नाव दुधनी! अकरावीच्या पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून 'दुधनीची आली, बादली आणा रे' अशी आरोळी आली आणि सारा वर्ग हसला. मी हसले नाही. राग आला म्हणून नव्हे. विनोद कळायलाच मला वेळ लागला.

आमच्या घरी कानडी बोलतात. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. थोडे पुढे गेले की कर्नाटक. गावच्या बाजारात तुरीची मोठी आवक असते. तिथल्या एका अडतीवर आमचे अप्पा हमाल आहेत. अव्वा तूर निवडायला जाते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

शाळा मात्र मराठी. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे अकरावीत येईपर्यंत ही भाषा दहा वर्षे माझ्या दप्तरात होती. पण खरे सांगायचे तर मला धाक होता तो मराठीचा! कानडीत निर्जीव वस्तूंमध्ये पुरुष-बाई हा भेद नाही; सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे 'तो खुर्ची' असे आमच्या तोंडून हमखास जायचे. इंग्रजीतही खुर्चीला 'तो की ती' असे विचारावे लागत नाही हे कळले, तेव्हा ती भाषा मला एकदम घरची वाटली. पुढे क्रियापदाने हा आनंद टिकू दिला नाही. मराठीत काय नि कानडीत काय, क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन निवांत बसते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ घुसते. मी वाक्य मनात कानडीत जुळवायची, मराठीत फिरवायची, मग इंग्रजीत उतरवायची. अशा दोन गाड्या बदलून मी मुक्कामाला पोहोचेपर्यंत बाईंनी दुसऱ्या मुलीला उठवलेले असे.

तेव्हा सगळ्यांनी केले तेच मी केले; गाइड पाठ केले. बारावीच्या 'युवकभारती'त दिलीप चित्रे यांची 'फादर रिटर्निंग होम' ही कविता आहे. चित्रे मराठीतले मोठे कवी. तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. ही कविता मात्र इंग्रजीतच लिहिली. रात्रीच्या लोकलने थकून घरी येणारा म्हातारा बाप, आणि त्याच्याशी मोकळेपणाने न बोलणारी मुले, असा तिचा विषय. तिचे रसग्रहण मी इतके घोटले होते की झोपेतही म्हणून दाखवले असते. 'एलिएनेशन'चे स्पेलिंग पंचवीस वेळा लिहून काढले. त्याच खोलीत अप्पा रोज तुरीच्या धुळीने माखून येत, भिंतीला पाठ टेकून बसत, आणि मी अभ्यास आहे म्हणून मान वर करीत नसे. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असे मला परीक्षेपर्यंत सुचले नाही. परीक्षेनंतरही नाही.

इंग्रजीत ७४ गुण पडले. अप्पांनी अडतीवर पेढे वाटले. पंधरा दिवसांनी त्यांनी ट्रंकेतून एक कागद काढला. घराच्या पत्र्यांसाठी आदल्या वर्षी कर्ज काढले होते, त्याचा करार. चार पाने, सगळी इंग्रजीत. हप्ता न चुकता भरूनही दर वेळी काही रुपये जास्त का घेतात, हा त्यांचा प्रश्न होता.

"ओदव्वा," अप्पा म्हणाले. वाच गं बाई.

मी वाचले. कुठे अडखळले नाही. अव्वा भाकरी तव्यावर ठेवून दारात येऊन उभी राहिली. पहिले पान संपल्यावर अप्पांनी हळूच विचारले, "अंद्र एन?" म्हणजे काय?

मला सांगता येईना. शब्द ओळखीचे होते, वाक्य ओळखीचे नव्हते. मी पाने उलटीत राहिले. "हे परीक्षेला नसेल," असे म्हणून अप्पांनीच मला सांभाळून घेतले. ते मला अजून लागते. त्यापेक्षा रागावले असते तर बरे झाले असते.

त्या रात्रीपासून शब्दकोश घेऊन बसले. चौथ्या दिवशी तिसऱ्या पानावर सापडले: हप्ता पाच तारखेच्या आत, नाहीतर दंड. अप्पांच्या हमालीचा हिशेब दहा तारखेला होई, आणि पैसे हातात पडले की ते त्याच दिवशी हप्ता भरत. एवढीच गोष्ट! पण सही घेताना ती त्यांना कानडीत, निदान मराठीत, कोणी सांगितली नव्हती. (आपल्याला इंग्रजी येत नाही, असे अप्पा सांगतात. दिवसभर त्यांच्या तोंडी बिल्लु, चेक्कु, लोडिंगु असते. शेवटी उकार लावला की तो शब्द कानडी, असा त्यांचा हिशेब.)

बी. ए.ला मी इंग्रजी घेतले ते वाङ्मयाच्या ओढीने, असा आमच्या काही प्राध्यापकांचा समज आहे. तो मोडताना वाईट वाटते. पण करारातली उरलेली पाने नीट लागत नव्हती, म्हणून घेतले. वाङ्मय मागाहून आले. चित्र्यांची ती कविता यंदा पुन्हा वाचायला काढली, गाइड न घेता. निम्म्यावर पुस्तक मिटले.

कराराचा अर्थ अप्पांना लिहून द्यायचा ठरवले, तेव्हा नवीच अडचण निघाली. अप्पा चौथीपर्यंत कानडी शाळेत शिकलेले. देवनागरी त्यांना जेमतेम लागते. आणि जन्मापासून बोलत आलेली कानडी मला लिहिता येत नाही! म्हणून सध्या आमच्याकडे उलटी शाळा भरते. रात्री जेवणे झाली की अडतीतल्या जुन्या पट्ट्यांच्या पाठकोऱ्या बाजूला अप्पा अक्षरे काढून देतात आणि मी गिरवते. काल 'क' काढला. अप्पांनी तो दिव्यापाशी धरून पाहिला आणि म्हणाले, बाक नीट आला नाही, पुन्हा काढ.