तांब्याच्या टोपातला फुटबॉल

साखऱ्याला समुद्र नाही. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात पाणी म्हणजे विहीर, बोअर आणि पावसाळ्यातला ओढा. म्हणून पुतण्या पाणबुड्यांचं जुनं सामान जमवायला लागला, तेव्हा पोरगं पैसा नासतंय, असं मी चारचौघांत बोललो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या केंद्रात तो स्कूबा शिकला आणि तिथून त्याला हा नाद लागला. सुट्टीला येताना काहीतरी घेऊनच यायचा. कधी रबर तडकलेला गोल मुखवटा, कधी पट्ट्यात ओवलेली शिशाची वजनं. एकदा मुंबईच्या चोरबाजारातून पितळी टोप आणला. मी तीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतोय. टोप उलटा करून पाहिला, तर आत हवेची वाटच नव्हती. नळी जोडायचं तोंड बाहेरून नुसतं डाग देऊन चिकटवलेलं. असे शोभेचे टोप आपल्याच देशात ढिगानं बनतात. "बघ, मी सांगत होतो," म्हणालो. त्या रात्री तो जेवला नाही आणि मला बरं वाटलं. हेही आज कबूल करतो.

गेल्या दिवाळीत त्यानं माझ्यापुढं मुठीएवढा पितळी तुकडा ठेवला. खऱ्या टोपाचा. "काका, उघडता का?" आटे हिरवे पडून आवळले होते. रात्रभर डिझेलमध्ये ठेवला, सकाळी सुटला. आत स्प्रिंग आणि चामड्याची चकती. फुंकर मारली तर हवा आत जाते, ओढली तर परत येत नाही.

हा तर फुटबॉल! विहिरीत सक्शन पाइपच्या तळाला जो बसवतात, पाइपातलं पाणी खाली उतरू देत नाही, तोच. पुस्तकात फूट व्हॉल्व्ह लिहितात, आम्ही फुटबॉल म्हणतो. अख्खं आयुष्य मी त्याच्या चकत्या बदलल्या.

मग पुतण्या सांगत गेला, मी ऐकत गेलो. ऑगस्टस सीब नावाच्या कारागिरानं 1830 च्या दशकात बंद पोशाख आणि तांब्याचा टोप जुळवला. वर बोटीत माणसं हातानं पंप फिरवायची, खाली एकजण शिशाचे बूट घालून चालायचा. सगळा साज 80 किलोंच्या आसपास. दर 10 मीटर खोलीला चौरस सेंटिमीटरमागे 1 किलो दाब वाढतो. वर नळी फुटली की टोपातली हवा सुसाट पळते आणि पाणी माणसाला टोपातच चेपतं. त्या वेळी मधे उभी राहते ती ही चकती. पुढं 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यान यांनी पाठीवरच्या टाकीतून श्वासापुरतीच हवा सोडणारा रेग्युलेटर केला. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवायला गान्याननं जो व्हॉल्व्ह बनवला होता, त्यातूनच तो निघाला. मिस्तरीचं डोकं, दुसरं काय!

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढं आमचे मामा होते. नात्यानं कुणी नाहीत, वडिलांचे दोस्त. सबमर्सिबल येण्याआधी फुटबॉलची जाळी गाळानं तुंबली की त्यांनाच बोलावणं जायचं. कानात गोड्या तेलाचा बोळा, मनगटाला सुतळीनं बांधलेला पाना, हातात दोराला बांधलेलं जुनं लोखंडी माप. मापाच्या वजनानं सरळ तळाला जायचे, दम कोंडून जाळी साफ करायचे. वर दोर धरून मी उभा असायचो, बुडबुडे मोजत.

ते गेल्यावर माप, पाना, दोराची कडी, सगळं मामींनी मला दिलं होतं. मी ते भंगारवाल्याला किलोवर घातलं. बदल्यात काय आलं तेही आठवत नाही. तेव्हा वाटलं, लोखंडच तर आहे.

पुतण्यानं विचारलं, "माप पाच किलोचं होतं की दहाचं?" मला सांगता येईना. आम्ही दोघं मामींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पाचचं. दहाचं घेतलं की वर यायला जड जातं म्हणायचे." मग आत गेल्या आणि फडताळातून बोटभर उंचीची काचेची बाटली घेऊन आल्या. तळाशी काळपट तेल आणि बुचाला चिकटलेला कापूस. "हे नव्हतं दिलं तुला," म्हणाल्या. पुतण्यानं बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि उजेडाकडं धरली.