आधी बाग, मग पाहुणे

आमच्या बागेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. हस्ताच्या सरी ओसरल्या, कातळावरचं गवत पिवळं पडू लागलं की आमचा पहिला महिना उजाडतो. मग बेणणी होते, कलमांच्या बुंध्याशी माजलेलं रान कोयतीने साफ होतं आणि बांडगुळं शोधायची मोहीम निघते. बांडगूळ नुसतं ओरबाडून भागत नाही. ते फांदीत जिथे रुतलेलं असतं त्याच्या खालून फांदी छाटावी लागते, नाहीतर पुढच्या पावसात स्वारी पुन्हा हजर. दापोली तालुक्यातल्या डोंगरउतारावरची ही बाग सासऱ्यांच्या हातची. वरचा पट्टा त्यांनी रोजगार हमीतून फळबाग लावायची योजना १९९० मध्ये आली, त्यानंतर लावला. हापूसची कलमं जास्त, गडग्याच्या कडेने रायवळ आणि काजू, खाली वहाळाच्या अंगाला नारळ-सुपारी. घरामागे चिऱ्याच्या तीन खोल्या बांधून आम्ही त्या पाहुण्यांना देऊ लागलो आणि माझ्याकडे दोन कामं आली: झाडं सांभाळायची आणि माणसं सांभाळायची.

बाग आहे, सावली आहे, विहिरीला पाणी आहे, आता खोल्यांत गाद्या घातल्या की झालं, असं लांबून वाटतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, तेव्हा आमच्या भागात बऱ्याच जणांनी असाच हिशेब मांडला होता. प्रत्यक्षात ही दोन कामं वर्षातून अनेकदा समोरासमोर येतात आणि त्यातल्या एकाला वाट सोडावी लागते. वाट कोणी सोडायची, हे ठरवणं म्हणजेच हा धंदा, असं मला हळूहळू उमगत गेलं.

पहिली गाठ पडते ती थंडीत. ऑक्टोबरच्या उन्हात कलमांना तांबूस पालवी फुटते. ती जून होते, मग गारठा पडला की डोळे फुगतात आणि मोहोर बाहेर पडतो. हापूस या बाबतीत भारी लहरी. रात्र पुरेशी गार नसेल तर मोहोराऐवजी पुन्हा पालवीच काढून बसेल. एक वर्ष भरभरून धरेल, दुसऱ्या वर्षी हात वर करील. या लहरीवर उपाय म्हणून जुलै-ऑगस्टात मुळांशी कल्टार घालतात. त्याने झाडाची वाढ आवरते, मोहोर लवकर येतो आणि दरवर्षी येण्याची शक्यता वाढते. पण कल्टार घातलेल्या झाडाला खतही तसंच द्यावं लागतं. नुसतंच वसूल करत गेलं तर झाड खंगतं.

मोहोर दिसला की तुडतुडे आलेच. ते कोवळ्या मोहोराचा रस शोषतात, अंगातून चिकट गोड पाणी सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते. मळभ आलं, सकाळी दव पडलं की भुरी आणि करपा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने फवारणीचं वेळापत्रक घालून दिलं आहे: एक फवारणी मोहोरापूर्वी पालवीवर, दुसरी बोंगे फुटताना, पुढे साधारण दोन-दोन आठवड्यांनी. फुलं पूर्ण उमललेली असताना मात्र हात आवरायचा, कारण फळ धरायला माश्या हव्यात. मोहोराच्या एका तुऱ्यावर हजारांनी फुलं असतात, त्यातली बहुतेक नर. शेवटी तुऱ्याला एखाददुसरा आंबा टिकला तरी बागायतदार खूश असतो.

आता हे वेळापत्रक आणि डिसेंबरअखेरच्या सुट्ट्या शेजारी ठेवून बघा. मुंबई-पुण्याच्या माणसाला जेव्हा बागेत हुंदडून यावंसं वाटतं, नेमका तेव्हा पंप चालू असतो. इंजिनचा आवाज, औषधाचा वास, नळी ओढणाऱ्या गड्यांच्या हाका. त्या दिवसांत मी खोल्या बंद ठेवते. आकाश ढगाळलं आणि फवारणी पुढे ढकलता येईना, तर ठरलेलं येणंही पुढे ढकलायला सांगते. सुरुवातीला एक गृहस्थ फोनवर चिडले होते, “अहो काकू, एक दिवस थांबवा ना फवारणी, माणसं महत्त्वाची का किडे?” त्यांना म्हटलं, “भाऊ, किड्यांना तारीख बदलून देता येत नाही, तुम्हाला देता येईल.” ते मार्चमध्ये आले.

मार्चमध्ये आले ते एका परीने बरंच झालं, कारण त्या दिवसांत बाग वाचायला शिकवता येते. फळाच्या वाढीला आमच्याकडे साध्या वस्तूंची नावं आहेत: आधी कणी, मग वाटाणा, मग सुपारी, गोटी आणि अंडं. प्रत्येक टप्प्यावर गळ होते. सकाळी झाडाखाली वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा बघून पाहुणे हळहळतात. झाडाला पेलतील तेवढीच फळं ते ठेवतं, हे मी सांगते, पण हेही सांगते की सगळी गळ अशी शहाणपणाची नसते. पाण्याचा ताण, फुलकिडे, एकाएकी चढलेला पारा, असं काहीही त्यामागे असू शकतं. झाडाखाली उकिडवं बसून गळलेली कैरी कापून बघायची आणि कारण ओळखायचं, हा माझा सकाळचा उद्योग. पाहुण्यांपैकी कोणीतरी येऊन शेजारी बसतं. अर्धा तास कोणी बोलत नाही. नंतर चहा घेताना ते म्हणतात, “किती शांत वाटलं.” मी त्यांच्यासाठी काहीच केलेलं नसतं. मी माझं काम करत होते आणि ते त्या कामाजवळ बसले होते.

यात एक मेख आहे. शहरातून आलेल्या माणसाभोवती दिवसभर सगळं फिरत असतं: फोन वाजतो तो त्याच्यासाठी, जेवण दारात येतं तेही त्याच्या नावाने. हॉटेलात गेला की हे आणखी वाढतं. बागेत त्याच्याकडे कोणाचं विशेष लक्ष नसतं. तांबट ओरडत राहतो, राखणीचा गुरखा वानरांमागे डबा बडवत उतारावरून धावतो, गडी आळ्यांना पाणी लावत असतो. या सगळ्यात आपण नसलो तरी चालतं, हे कळलं की माणूस सैल होतो. म्हणून पाहुण्याला रमवण्याच्या खटपटी मी सोडून दिल्या. झोपाळा आहे, बैलगाडी नाही. जेवण वेळेवर, गरम आणि घरातलं. बाकी दिवस त्याचा त्याने काढावा.

एप्रिल-मे हा आमचा घाईचा काळ आणि जगाच्या मते बागेत राहायला येण्याचा उत्तम काळ. फळ धरल्यापासून साडेतीन-चार महिन्यांनी हापूस काढायला होतो. तो झाडावर पिकू द्यायचा नसतो. चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, नाहीतर साक्याची भीती वाढते. साका म्हणजे बाहेरून देखणा आंबा आणि कापल्यावर आत पांढुरका, भुसभुशीत, आंबट गर. बाहेरून ओळखू येत नाही, त्यामुळे इतकं भांडवल घालून पेटी भरणारा माणूसही गिऱ्हाईक आंबा कापेपर्यंत धास्तावलेला असतो. चौदा आणे ओळखायचे ते खांद्यांवरून: देठाजवळ खळगा पडतो, दोन्ही बाजूंचे खांदे वर येतात, हिरव्या रंगाचा तोरा उतरतो. हे पुस्तकात लिहिलेलं आहे, पण हात आणि डोळा बसायला हंगाम जावे लागतात. काढणी ऊन चढण्याआधी किंवा कलल्यावर. विद्यापीठाच्या नूतन झेल्याने फळ देठासकट खाली येतं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, मग तो आंबा पेटीत जात नाही.

या दिवसांतला पाहुणा आंबा खायच्या तयारीने येतो आणि अढीत हिरवेगार आंबे बघून गोंधळतो. पेंढ्यावर मांडलेलं फळ पिकायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आज झाडावरून उतरलेला आंबा त्याच्या वाट्याचा नसतो. त्याच्या ताटात येतो तो आधीच्या आठवड्यातला. मुलांना हे पटत नाही, त्यांना मी रायवळांकडे पाठवते. रायवळाला पाड लागू द्यायची मुभा आहे. रात्री वाऱ्याने टपटप पडतात आणि पहाटे टोपली घेऊन पोरं धावतात. चोखायचे, हात कोपरापर्यंत माखायचे आणि विहिरीवर जायचं. हापूसने आमचं घर चालतं, पण मुलांचा जीव रायवळांवर. बाजारात रायवळाला फारसं कोणी विचारत नाही, म्हणून अनेकांनी ती जुनी झाडं लाकडाला विकली. आमची राहिली, त्यात या टोपलीवाल्या पोरांचाही वाटा आहे.

मेअखेर आगोटीची धावपळ. रातांबे फोडून सोलं सुकवायची, आंब्याची साठं, फणसाच्या कापा-बरक्याची विल्हेवाट, लाकूडफाटा आत घ्यायचा. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाआधी माडीवाल्यासारखा सरसर चढणारा गडी मिळवून बोर्डो मिश्रण फवारून घ्यायचं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा ही सगळी तयारी घरात होती आणि बाग बाहेर होती. सुपाऱ्या मधोमध मोडल्या. माड उपटले. आडवी झालेली काही कलमं फांद्या छाटून, मुळांवर माती ओढून पुन्हा उभी केली, त्यातली काही जगली. सुपारी अशी उभी करता येत नाही. नवीन रोप लावायचं आणि पहिल्या फळासाठी सहा-सात वर्षं थांबायचं. दुसऱ्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गेलं. त्या काळात खोल्यांचं उत्पन्नही नव्हतं, कारण कोरोनाच्या साथीमुळे येणंजाणंच बंद होतं. दोन पायांवर उभं राहिलं की तोल जात नाही, हे जोडधंद्याचं तत्त्व खरं आहे, पण दोन्ही पाय एकाच वेळी उचलले जाऊ शकतात, हेही तेव्हा कळलं.

पावसाळ्यात मेइतकी गर्दी नसते. येतात त्यांना माझ्याकडचं सगळ्यात आवडतं काम बघायला मिळतं. रायवळाच्या कोयी वाफ्यात रुजलेल्या असतात, तांबडी कोवळी रोपं वर आलेली. अशा रोपाचा शेंडा कापून मधोमध चीर द्यायची, हापूसच्या तीन-चार महिन्यांच्या काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. कापलेल्या काडीवरची पानं आठवडाभर आधीच काढून ठेवलेली असतात, म्हणजे डोळे फुगलेले मिळतात. हे कोय कलम. हवेत ओलावा भरपूर असतो, म्हणून जुलै-ऑगस्टात ते चांगलं साधतं. बाहेर मुसळधार पाऊस, पडवीत आम्ही ओळीने बसलेलो, पाहुण्याच्या हातात चाकू. बहुतेकांची पाचर एका बाजूने जाड होते. काहींची कलमं लागतात आणि महिन्याभराने फोन येतो, “काकू, फुटवा आला का हो?” आला असेल तर आला म्हणून सांगते, नसेल तर नाही म्हणून सांगते.

अलीकडे हवेचं गणित बिनसलं आहे. डिसेंबरात पाऊस पडतो, थंडी उशिरा येते, फळ सुपारीएवढं असताना पुन्हा मोहोर फुटतो आणि झाड आधीची फळं टाकून देतं. २०२५ मध्ये तर मान्सून मेअखेरीच्या आधीच, २५-२६ तारखेला कोकणात आला. सोलं वाळायची होती, शेवटचा आंबा झाडावर होता. मे महिन्यातल्या खोल्यांची मागणी मात्र फेब्रुवारीतच पक्की झालेली असते. उद्या अढीत काय असेल हे मला माहीत नसताना तीन महिन्यांनंतरचं सुख मी आज कसं विकू? माझ्या ओळखीतल्या काही जणांनी यावर मार्ग काढला: आंबा कमी पडला तर बाहेरून आणायचा आणि आपल्या बागेतला म्हणून वाढायचा. माझ्याने ते होत नाही.

म्हणून खोल्यांचा दर मी बारा महिने एकच ठेवला आहे. मेमध्ये वाढत नाही, पावसात उतरत नाही. मेमध्ये जास्त घेतले तर त्या जास्तीच्या पैशात आंब्याचा शब्द येतो आणि तो द्यायला मी झाडाची मालक नाही, राखणदार आहे. दर सपाट केल्यावर मेमधली झुंबड कमी झाली आणि नोव्हेंबर, मार्च, ऑगस्ट या महिन्यांत माणसं येऊ लागली. वर्षाच्या उत्पन्नात घट झाली नाही. ज्याला निव्वळ आंबाच हवा आहे, त्याने खोली घेऊच नये. त्याने पेटी मागवावी. ती घरपोच जाते.